बिनसंस्थानाचे कारभारी

२८ मे १९४८ रोजी मध्यभारत राज्याची स्थापना झाली आणि माळव्यातील धार व देवास ही पवारांची संस्थाने त्यात विलीन झाली, तेव्हा खजिना, दफ्तर, कचेऱ्या आणि शिक्के यांचा ताबा रीतसर नव्या सरकारकडे गेला. परंतु जी चीज कोणत्याच यादीत चढलेली नव्हती ती मात्र ताब्यात द्यावयाची राहून गेली, आणि ती म्हणजे या दोन गावांतील मराठी कुटुंबांच्या हाडीमाशी दोन शतके मुरलेली कारभार करण्याची सवय. पणजोबा फडणीस, आजोबा शिरस्तेदार, वडील मामलेदार कचेरीत कारकून अशी ज्यांची वंशावळ, त्यांच्या पुढल्या पिढीला बँकेत, शाळाखात्यात किंवा देवासच्या नोटा छापणाऱ्या कारखान्यात नोकऱ्या लागल्या हे खरे. पण नोकरीत हुकूम ऐकावे लागतात, सोडता येत नाहीत. तेव्हा सोडावयाचे राहून गेलेले हुकूम कोणावर तरी सोडणे भागच होते, आणि परमेश्वरी कृपेने क्रिकेटचे संघ त्या कामी उपयोगी पडले.

हा जो बिनसंस्थानाचा कारभारी, तो वर्षातील दहा महिने निरुपद्रवी गृहस्थ असतो. सकाळी पोहे-जिलेबी आणण्यासाठी कोपऱ्यापर्यंत जाणे, महाराष्ट्र समाजाच्या गणेशोत्सवाच्या वर्गणीविषयी तक्रार करणे आणि ती वेळेवर भरणे, यापलीकडे त्याच्या हातून समाजाची काही हानी होत नाही. परंतु साखळी सामने संपून एकदा का बाद फेरी लागली, मग ती रणजी करंडकाची असो वा आयपीएलची, की त्याच्या बैठकीच्या खोलीला कचेरीची कळा येते. वय सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे, डोक्यावर केस बेताचे, मते भरपूर, आयुष्यात बॅट हाती धरली ती नातवाला वाढदिवसाला आणून देण्यापुरती. असा हा पुरुष वेताच्या खुर्चीत बसून तरुण कर्णधारांच्या नेमणुका करतो, बढत्या रोखतो, कसूर झाल्यास खुलासा मागवतो आणि रात्री साडेअकराच्या सुमारास, शेवटच्या षटकापूर्वी, एखाद्याला सरळ बडतर्फ करून दूध-हळद पिऊन निजतो. सकाळी तोच पोरगा जिंकलेला आढळल्यास बडतर्फीचा हुकूम मागे घेण्याची त्याची पद्धत नाही. तो हुकूम झालाच नव्हता, असे तो शांतपणे सांगतो.

त्याच्याजवळ एक दफ्तर असते. खाकी कागदाचे वेष्टन घातलेली जाड वही, तीत वर्तमानपत्रांची कात्रणे डिंकाने चिकटवलेली, आणि प्रत्येक कात्रणाच्या समासात लाल शाईने शेरा. “घाईचा स्वभाव.” “उजव्या यष्टीबाहेर हात जातो. बापाने लक्ष घालावे.” “तूर्त पाहू.” यांपैकी ‘तूर्त पाहू’ हा शेरा सर्वाधिक मानाचा होय, कारण संस्थानी अमदानीत उमेदवार म्हणून चिकटलेला कारकून बिनपगारी वर्षे काढून कायम व्हावयाचा, आणि एकवीस वर्षांच्या मुलाने दोन मोसमांत कायम होऊ पाहावे हीच मुळी या दफ्तराच्या दृष्टीने बेअदबी आहे.

देवासच्या माणसाला एकाच वेळी दोन विरुद्ध मते बाळगणे जड जात नाही, याचे कारण त्याच्या गावाच्या इतिहासातच आहे. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंनी अठराव्या शतकात येथे जम बसवला आणि पुढे थोरली पाती व धाकटी पाती अशी एकाच गावात दोन राज्ये नांदू लागली. दोन राजे, दोन दरबार, दोन कारभार. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून येथे राहून गेला आणि त्या वास्तव्यावर त्याने पुढे आख्खे पुस्तक छापले. त्यात छापण्याजोगे काय होते, हे देवासकरांना अद्याप उमगलेले नाही. त्यांच्या घराघरांत आजही दोन पात्या आहेतच. वेताच्या खुर्चीवर थोरली पाती, आणि खाली सतरंजीवर मोबाइल घेऊन बसलेला नातू ही धाकटी पाती. दूरचित्रवाणी संच एक, पण त्यावरचा अंमल दुहेरी. थोरली पाती विचारते, “पोरगा कोणाच्या हाताखाली शिकला?” धाकटी पाती सांगते, “आजोबा, स्ट्राइक रेट एकशे सत्तर आहे त्याचा, आन् काय पायजे?” या दोन वाक्यांमध्ये पाऊण शतकाचे अंतर असून ते आजवर कोणी ओलांडलेले नाही.

धारकर हा याच जातीचा दुसरा नमुना. भोजराजाच्या नगरीत राहत असल्यामुळे पांडित्य त्याला वारसाहक्काने आलेले आहे. आणि ज्या किल्ल्यात १७७५ साली दुसरा बाजीराव जन्मला त्याच किल्ल्याच्या सावलीत वाढल्यामुळे पराभवाची मीमांसा त्याला आपोआप साधते. देवासकर विजयापूर्वी बोलतो, धारकर पराजयानंतर. म्हणून दोघांचे वर्षानुवर्षे उत्तम जमते. त्यातून देवासकरांची कन्या धारकरांच्या घरी दिलेली असली, आणि असली सोयरीक या दोन गावांत काही दुर्मीळ नाही, तर मग वादाला मर्यादेचे जे कुंपण पडते त्यानेच त्याची खरी शोभा वाढते. व्याह्याला मूर्ख म्हणता येत नाही. “आपला अनुभव दांडगा आहे, पण” असे म्हणावे लागते.

दोघांचे वैर जुने आहे आणि त्याचा मुद्दा एकच: आपला संघ कोणता? देवासकर भूमीचा अभिमानी. इंदूर देवासपासून अवघ्या पस्तीस-चाळीस किलोमीटरवर, तेव्हा होळकरांचा संघ तो आपला संघ, ही त्याच्या घरची श्रद्धा. कर्नल सी. के. नायडूंच्या त्या संघाने १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा मोसमांत दहा वेळा रणजी करंडकाची अंतिम फेरी गाठली आणि चार वेळा करंडक आणला, हे तो संध्याकाळच्या शुभंकरोतीनंतर म्हणत असावा असा संशय घेण्यास जागा आहे. म्हैसूरविरुद्ध आठ गडी बाद ९१२ धावा आणि एकाच डावात सहा शतके, हा त्याच्या दृष्टीने इतिहास नसून चालू घडामोड आहे. धारकर मात्र भाषेचा अभिमानी. त्याचे चिरंजीव मुंबईकडे नोकरीला, पंचांग आणि दिवाळी अंक तिकडून येणारे, तेव्हा मराठी माणसाचा संघ मुंबई, हे त्याला स्वयंसिद्ध वाटते. आणि देवासकराने ९१२ काढले की तो सौम्य स्वरात १९४५ च्या अंतिम सामन्याची आठवण करून देतो. त्या सामन्यात मुंबईने होळकरांपुढे ८६७ धावांचे लक्ष्य ठेवले होते. महायुद्धामुळे महूच्या छावणीत येऊन पडलेला डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळून २४९ धावांवर नाबाद राहिला, मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतके ठोकली, संघाने ४९२ धावा केल्या आणि तरीही सामना ३७४ धावांनी गमावला. “चारशे ब्याण्णव करून हरणं याला धैर्य लागतं, व्याहीबुवा,” असे धारकर म्हणतो. “आम्ही हरलो नाही, धावा संपल्या,” असे देवासकर उत्तरतो, आणि १९४८ साली याच मुंबईला इंदुरात नऊ गडी राखून लोळवल्याची पावती फाडतो.

परंतु बाद फेरीच्या दिवसांत या दोन संस्थानांची खरी गाठ पडते ती तरुण पोरांच्या प्रश्नावर. कर्नलसाहेबांच्या मुलखातले लोक ते. त्यांचे माप मोठे. १९५१-५२ च्या अंतिम सामन्यात दत्तू फडकरांचा चेंडू तोंडावर बसून कर्नलसाहेबांचे दात पडले, तेव्हा छप्पन्न वर्षांच्या त्या पुरुषाने खेळपट्टीवरचे दात बाजूस सारले आणि गोलंदाजाला, वेग कमी करू नकोस, असे बजावले, ही कथा माळव्यात लहानपणीच कानावर पडते. तिचा परिणाम असा, की आज कोणा होतकरू फलंदाजाने पोटरी आखडल्यामुळे पाणी मागवले की देवासकर आणि धारकर दोघेही एकदमच, वैर विसरून, मान हलवतात. “दात शाबूत आहेत ना याचे?” एवढेच एक विचारतो. “सगळे,” दुसरा सांगतो. फैसला झाला.

आयपीएलच्या २०२५ च्या मोसमात या दरबारापुढे दोन अवघड प्रकरणे रुजू झाली. २८ एप्रिल रोजी जयपुरात चौदा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीने ३५ चेंडूंत शतक केले. आणि पाठोपाठ विरारच्या सतरा वर्षांच्या आयुष म्हात्रेने चेन्नईकडून खेळताना बंगळूरूविरुद्ध ९४ धावा काढल्या. देवासकराने पहिल्या प्रकरणावर “शाळेचा दाखला पाहावा” असा शेरा मारला. दुसऱ्याच्या बाबतीत धारकर साहजिकच हळवा झाला. परंतु पोरगा शतकाला सहा धावा कमी असताना बाद झाला हे त्यालाही सोसेना. “आमच्या वेळी असा झेल देऊन घरी गेलो असतो तर वडिलांनी जेवायला वाढलं नसतं,” असे तो म्हणाला. त्याच्या वेळी तो कोठे खेळावयास गेला होता, हा प्रश्न सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून विचारला. पण कचेरीच्या कामकाजात त्याची नोंद झाली नाही. धाकट्या पातीने मात्र मोबाइलवर शोधून पुरावा हजर केला की, ज्यांचे नाव घेताना आजोबा कानाला हात लावतात ते इंदूरचे मुश्ताक अली १९३४ साली कलकत्त्याला पहिला कसोटी सामना खेळले तेव्हा केवळ एकोणीस वर्षांचे होते. थोरली पाती क्षणभर स्तब्ध झाली. मग म्हणाली, “त्या वेळचं एकोणीस वेगळं होतं.”

या सर्व गोंधळात ज्या एका माणसाने देवासकराची मानसिक घडी विसकटली तो रजत पाटीदार. इंदूरचा मुलगा, मितभाषी, नजरेत भरण्यासारखा डामडौल नाही. २०२२ च्या लिलावात त्याच्यावर कोणी बोली लावली नाही आणि पुढे जायबंदी खेळाडूच्या जागी बंगळूरूच्या संघाने त्याला बोलावून घेतले. त्यापायी मे महिन्यात ठरलेले लग्न पुढे ढकलावे लागल्याचे वर्तमानपत्रांनी छापले, आणि धार-देवासमध्ये क्रिकेटपेक्षा त्या बातमीचीच चर्चा अधिक झाली. “मुहूर्त टाळून गेला आहे, काही तरी करून यायलाच हवं,” असे देवासकराच्या सौभाग्यवतींनी निक्षून सांगितले. आणि २५ मे रोजी कलकत्त्याच्या एलिमिनेटरमध्ये त्याने ५४ चेंडूंत नाबाद ११२ धावा काढल्या तेव्हा त्या घरातील क्रिकेटविषयक अधिकार काही काळ स्वयंपाकघराकडे गेले. देवासकराचा अमेरिकेतील पुतण्या सांगतो की, तिकडे जानेवारी महिन्यात, फुटबॉलच्या बाद फेरीच्या दिवसांत, संघाची सारी भिस्त ज्या चेंडूफेक्या मोहरक्यावर असते त्या बावीस-तेवीस वर्षांच्या पोराची लायकी काढीत निवृत्त गृहस्थ असेच रात्री जागवतात, आणि टॉम ब्रॅडी नावाच्या ज्या खेळाडूने पुढे सात अजिंक्यपदे मिळवली त्याला २००० सालच्या निवडीत १९९ वा क्रमांक मिळाला होता. “म्हणजे परखणारे सगळीकडे सारखेच,” असे धारकर म्हणाला. तो स्वतःला त्या परखणाऱ्यांत धरीत नव्हता.

त्याच २०२२ च्या जूनमध्ये बंगळूरूत रणजीची अंतिम झुंज नेमकी मुंबई आणि मध्य प्रदेश यांच्यात लागली, आणि दोन्ही व्याही पाच दिवस एकमेकांशी अतिशय सभ्यपणे बोलले. माळव्यात युद्धाची ही खूण समजतात. मुंबईने ३७४ धावा केल्या तेव्हा धारकराने फोन केला. यश दुबेचे १३३, शुभम शर्माचे ११६ आणि पाटीदारचे १२२ अशी तीन शतके लागून मध्य प्रदेशचा डाव ५३६ वर गेला तेव्हा देवासकराने फोन केला. सहा गडी राखून मध्य प्रदेशने पहिल्यांदाच करंडक जिंकला. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, ज्यांनी १९९९ साली त्याच बंगळूरूत याच संघाचे कर्णधार म्हणून अंतिम सामना गमावला होता, ते डोळे पुसताना पडद्यावर दिसले. आणि आता धारकराला बोलावयास तोंड राहिले नाही असे मानून देवासकराने सावकाश फोन लावला. पण पराजयाच्या मीमांसेत धारच्या माणसाला कोण गाठणार! “अभिनंदन,” धारकर म्हणाला, “जिंकला मध्य प्रदेश, पण पंडित कुठले? मुंबईचेच ना? म्हणजे जिंकवलं आम्हीच.” तो खटला अद्याप निकालात निघालेला नाही. उलट २०२४ च्या डिसेंबरात मुश्ताक अलींच्याच नावाच्या स्पर्धेचा अंतिम सामना पुन्हा या दोन संघांत झाला, पाटीदारने ४० चेंडूंत नाबाद ८१ केल्या, श्रेयस अय्यरच्या मुंबईने पाच गडी राखून सामना नेला, आणि करंडकावर नाव आपल्या गावच्या माणसाचे असताना तो दुसऱ्याच्या गावी जातो याचे दुःख देवासकराने संक्रांतीपर्यंत बाळगले.

१३ फेब्रुवारी २०२५ रोजी पाटीदारला बंगळूरूचा कर्णधार केल्याची बातमी आली. वास्तविक देवासकराने पेढे वाटावयास हवे होते. पण आपल्याकडचा माणूस मोठ्या पदावर चढला की त्याच्या कागदपत्रांची अधिक कसून छाननी करावयाची, हा संस्थानी रिवाज. त्याने कात्रण चिकटवले आणि समासात लिहिले: “घाई झाली.” बत्तीस वर्षांच्या उंबरठ्यावरील माणसाबद्दलचा हा अभिप्राय होता, हे ध्यानात घेतले म्हणजे चौदा वर्षांच्या मुलाकडून शाळेचा दाखला मागण्यात त्याने किती औदार्य दाखवले होते ते कळून येईल.

आणि ३ जून २०२५ चा दिवस उजाडला. अहमदाबादेस आयपीएलचा अंतिम सामना: एका बाजूस पाटीदार, दुसऱ्या बाजूस पंजाबचा कर्णधार म्हणून तोच श्रेयस अय्यर. संघ बंगळूरू आणि पंजाब. पण धार व देवासच्या दफ्तरी तो इंदूर विरुद्ध मुंबई असाच नोंदला गेला. संध्याकाळपासून दोन्ही घरांचे फोन एकमेकांना जोडून ठेवलेले, मध्ये सेव-परमलची परात, आणि लेकीला सासरच्या खोलीतून माहेरच्या खोलीत चाललेले भांडण एकाच वेळी दोन बाजूंनी ऐकू येत असलेले. पाटीदार २६ धावांवर बाद झाला तेव्हा देवासकर म्हणाला, “मी लिहूनच ठेवलं होतं.” अय्यर एका धावेवर तंबूत परतला तेव्हा धारकराकडून बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. शेवटच्या षटकात पंजाबला २९ धावा हव्या होत्या, चेंडू हेझलवूडच्या हाती. पहिले दोन चेंडू निर्धाव गेले, म्हणजे उरलेल्या चार चेंडूंवर चार षटकार बसले तरी २४ च होतात, हा हिशेब सतरंजीवरून धाकट्या पातीने मांडला आणि “जीत गए भिया!” अशी आरोळी ठोकली. परंतु जमाबंदीच्या हिशेबात ज्यांच्या सात पिढ्या गेल्या ते असल्या ढोबळ अंकगणितावर विसंबत नसतात. “नोबॉल पडला तर?” देवासकराने कापऱ्या आवाजात विचारले. “वाइडही पडू शकतो,” पलीकडून धारकराने, आशेने की भीतीने हे कळू न देता, दुजोरा दिला. शशांक सिंगने षटकार मारला, मग चौकार, मग पुन्हा षटकार. आणि सामना केव्हाच संपलेला असताना दोन वृद्ध गृहस्थ साठ-सत्तर मैलांच्या अंतरावर एकच श्वास धरून बसले. शेवटचाही चेंडू सीमेपार गेला. बंगळूरू सहा धावांनी जिंकले. अठराव्या मोसमात पहिल्यांदा.

पुढले दृश्य वर्तमानपत्रांत आले नाही, म्हणून येथे नमूद करतो. धारकर म्हणाला, “मनापासून अभिनंदन, व्याहीबुवा. पोरगा नावाचा निघाला.” मुंबईच्या माणसाचा पराभव झालेला असताना त्याच्या स्वरात खरा आनंद होता, कारण काही झाले तरी धारहून इंदूर मुंबईपेक्षा पुष्कळ जवळ आहे, ही गोष्ट त्याला अशा वेळीच आठवते. आणि देवासकराने? त्याने डोळे पुसले, चष्मा चढवला, दफ्तर मागवले, फेब्रुवारीचे पान काढले, “घाई झाली” ही अक्षरे न खोडता त्यांच्याखाली लाल शाईने “तूर्त कायम” असे लिहिले, तारीख घातली आणि सही केली. धाकट्या पातीने विचारले, “आजोबा, आता तरी कबूल करा ना, की तुमचं चुकलं?” थोरल्या पातीने वही मिटली आणि म्हणाली, “पुढच्या वर्षी बघू टिकतो का.”

अशा माणसाला हसणे सोपे आहे. पण तो कठोर दिसतो तितका नाही. ज्या पोरावर त्याने ‘घाई झाली’ असा शेरा मारला त्याच्याचसाठी तो हरलेल्या हिशेबातही नोबॉलला भ्यालेला असतो, आणि ज्या संघाशी त्याचा काडीचाही संबंध नाही त्याच्या कारभारात रात्रीची झोप बिनपगारी खर्च करीत असतो. तरुण खेळाडूंनी त्याचे शेरे वाचू नयेत. पण वाचकहो, पुढच्या बाद फेरीच्या दिवसांत आपण धार-देवासकडे असाल, तर कोणाच्या तरी बैठकीत परातीजवळची जागा धरून बसा, आणि आपला संघ कोणता एवढे मात्र त्याला विचारू नका. त्याला निवड समितीवर कोणी घेऊ नये, आणि त्याच्यावाचून अंतिम सामना कोणी पाहू नये.